तीन नंबरची कॅप आवळली की क्रँक जड: बिग एंड बेअरिंग बसवताना काय आणि कसं मोजायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. चार सिलिंडरचं इंजिन खोललं, क्रँक ०.२५ अंडरसाइजला (मूळ मापापेक्षा ०.२५ मिलिमीटर बारीक) ग्राइंड करून आणला, त्याच मापाची नवीन बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या मोठ्या टोकात बसणारी) घेतली. मेन बेअरिंग आवळल्यावर क्रँक एका हाताने फिरत होता. एक, दोन आणि चार नंबरचे कनेक्टिंग रॉड बसवल्यावर रिंगांमुळे आला तेवढाच जडपणा आला. तीन नंबरची कॅप (रॉडच्या मोठ्या टोकाचा सुटा अर्धा भाग) टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोराला, आवळली की मात्र क्रँक एकदम जड होतो, बोल्ट ढिले केले की पुन्हा मोकळा. एकाने सांगितलं कॅप आणि रॉडच्या मध्ये कागदाची पट्टी घाला, दुसऱ्याने सांगितलं बेअरिंगला आतून बारीक एमरी मारा. यातलं काय करावं?

यातलं काहीच करू नका. आणि "इंजिन चालू झालं की आपोआप मोकळं होतं" असं तिसरं कोणी सांगितलं तर तेही मनावर घेऊ नका. रिंगा चालून बसतात, बेअरिंग चालून बसत नाही. ते पहिल्या मिनिटापासून बरोबर असावं लागतं, कारण चुकीचं असेल तर पहिल्याच मिनिटात खराब होतं. क्रँक जड होतोय आणि तुम्ही तिथेच थांबून विचारलंत, हे फार चांगलं केलंत. बहुतेक लोक इथेच टॉमी (लांब दांडी) लावून दोन फेरे फिरवतात आणि "झालं मोकळं" म्हणून चेंबर, म्हणजे खालचं तेलाचं भांडं, बसवतात. ते मोकळं झालेलं नसतं, शेलवरचा (बेअरिंगच्या अर्ध्या वाटीवरचा) थर घासून निघालेला असतो.

आता कागद आणि एमरी का नको ते सांगतो. ते कळलं की बाकीचं सगळं काम का करायचं तेही कळेल.

बेअरिंग शेल हातात घेऊन नीट पाहा. बाहेरून पोलादाची पातळ पट्टी, आत तांबं-शिसं किंवा ॲल्युमिनियम-कथिलाचं अस्तर, आणि तांब्याच्या जातीत त्याच्यावर आणखी एक मऊ थर. हा वरचा थर साधारण १२ ते २५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षा किती तरी पातळ. तुम्ही एमरीचे चार हात मारलेत की तो गेला. तो गेला हे तर वाईटच, त्याहून वाईट म्हणजे एमरीचे कण त्या मऊ धातूत रुतून बसतात. मऊ धातूचं कामच ते आहे: तेलातून आलेला बारीक कण पोटात घ्यायचा आणि क्रँकला ओरखडा पडू द्यायचा नाही. तुम्ही स्वतःच्या हाताने त्याचं पोट एमरीने भरलंत तर क्रँकच्या नवीन ग्राइंड केलेल्या पिनवर, म्हणजे रॉड जिच्यावर बसतो त्या गोल भागावर, कायमची कानस लावून ठेवल्यासारखं होईल.

कागदाची गोष्ट वेगळी. सुटा शेल टेबलावर ठेवून त्याची दोन टोकं मोजलीत तर रॉडच्या होलापेक्षा ती थोडी रुंद असतात. म्हणूनच शेल अंगठ्याने दाबला की टक् करून बसतो आणि उलटा धरला तरी पडत नाही. आणि बसल्यावर त्याची टोकं रॉडच्या सपाट तोंडापेक्षा अगदी किंचित वर राहतात, मिलिमीटरच्या काही शतांशांइतकी. ती वर आलेली टोकं पाहून "शेल मोठा आहे, घासायला हवा" असं नवख्याला वाटतं. घासायचं नाही. कॅप आवळली की दोन्ही शेलांची टोकं एकमेकांना भिडतात, वर आलेला भाग जायला जागा नसते, म्हणून शेल सगळीकडून बाहेरच्या बाजूला दाबला जातो आणि होलाला घट्ट चिकटतो. याला क्रश म्हणतात. शेल होलात गरगर फिरू नये ते या क्रशमुळे. शेलची ती छोटी चोच, जिला आपण लॉक म्हणतो, ती फक्त शेल जागेवर बसवायला मदत करते. फिरणारा शेल तिच्याने थांबत नाही, तसा जोर आला तर चोच कातरली जाते. कित्येक नव्या इंजिनांत तर ती चोचच नसते. शिवाय शेलची उष्णता रॉडमध्ये जाते ती याच घट्ट चिकटलेल्या पाठीतून. तुम्ही मध्ये कागद घातलात की क्रश गेला. क्रँक हलका फिरेल, तुम्हाला बरं वाटेल, आणि काही दिवसांत शेल रॉडमध्ये फिरून ऑइल होल बंद करेल. मग क्रँक, रॉड आणि कधी कधी ब्लॉकही जातो.

कागद किंवा पत्र्याच्या शिमा (पातळ पट्ट्या) घालणं, शेल खरवडणं, हे सगळं आलं कुठून? जुन्या इंजिनांत बॅबिट ओतून बेअरिंग बनवत. आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये पेटंट घेतलेला तो कथिलाचा मिश्रधातू. त्याचा जाड थर रॉडमध्येच ओतायचा, स्क्रेपरने खरवडून पिनला बसवायचा, मध्ये शिमा ठेवायच्या, झीज झाली की एक शीम काढायची. त्या बेअरिंगसाठी ते बरोबरच होतं आणि ती कारागिरी मोठी होती. आजचा पातळ शेल ही वेगळी वस्तू आहे. तिला हात लावून आकार द्यायचा नसतो.

म्हणजे मुद्दा असा की शेलला स्वतःचा गोल आकार नाही. त्याला आकार देतो रॉडचा होल, तोही कॅप पूर्ण टॉर्कला आवळल्यावर. डब्यावर ०.२५ छापलंय याचा अर्थ इतकाच की प्रत्येक शेल स्टँडर्डपेक्षा ०.१२५ मिलिमीटरने जाड आहे. तुमच्या रॉडमध्ये, तुमच्या पिनवर, प्रत्यक्ष किती जागा उरली हे डबा सांगू शकत नाही. ते बसवून, आवळून, मोजावंच लागतं. तुमच्या बाकीच्या तीन रॉडांना जागा मिळाली, तीन नंबरला मिळाली नाही. का नाही मिळाली ते शोधायचं आहे, जबरदस्तीने जागा करायची नाही.

आता क्रमाने शोधू. स्वस्त आणि सोपं आधी.

पहिली चाचणी हाताची. तीन नंबर पूर्ण आवळलेला असताना रॉडचा मोठा गोल भाग बोटांनी धरून क्रँकच्या लांबीच्या दिशेने मागेपुढे सरकवून पाहा. चांगला बसलेला रॉड आपल्या साइड क्लिअरन्सइतका (बाजूच्या मोकळ्या जागेइतका) सहज सरकतो आणि दोन्ही बाजूंना टक् असा बारीक आवाज येतो. एक नंबरला करून पाहा, मग तीनला करा. एक सरकतो आणि तीन सरकत नाही, तर शेलने पिनला धरलंय किंवा शेलची कड पिनच्या कोपऱ्यावर चढलीय. तीनही सरकत असेल तर दोष बहुधा बेअरिंगमध्ये नाही. पिस्टन, रिंग किंवा पिस्टन पिनकडे पाहा. तुमच्या सांगण्यावरून बोल्ट ढिले केले की क्रँक मोकळा होतो, म्हणजे रिंगांचा संशय कमीच. पण ही चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे, करून घ्या.

मग कॅप काढायच्या आधी नंबर पाहा. रॉडवर आणि कॅपवर एकाच बाजूला तोच नंबर आहे का? रॉडचं होल कंपनीत कॅप लावून, आवळून मगच मशीन केलेलं असतं. ती कॅप त्याच रॉडची, आणि त्याच बाजूने. दोन नंबरची कॅप तीनला लागली, किंवा तीनचीच उलटी लागली, तर जोडावर अगदी बारीक पायरी तयार होते. डोळ्याला दिसत नाही, नखाला लागते. शेल तिथे आत दाबला जातो आणि पिनला पकडतो. बहुतेक इंजिनांत दोन्ही शेलांची लॉकं एकाच बाजूला येतात, त्यावरूनही उलटी कॅप ओळखता येते. चार रॉड एकदम खोलून कॅपा एका ट्रेमध्ये धुवायला टाकल्या असतील तर माझा पहिला संशय इथेच. पुढच्या वेळी खोलतानाच प्रत्येक कॅप तिच्या रॉडला परत दोन आटे लावून ठेवा.

तुमचे रॉड तोडलेल्या जोडाचे असतील, म्हणजे जोडाची तोंडं सपाट नसून फोडलेल्या दगडासारखी खरखरीत असतील, तर जास्त जपा. असा रॉड अखंड बनवून मग मुद्दाम तोडलेला असतो आणि त्या खरखरीत दाण्यांनीच कॅप आपली जागा शोधते. त्या तोंडाला तारेचा ब्रश नको, पॉलिश पेपर नको, आणि कॅप त्या तोंडावर उभी ठेवायचीही नाही. दुसऱ्या रॉडची कॅप एकदा जरी लावून आवळली तरी दोन्ही तोंडं बिघडतात आणि दोन्ही रॉड बदलावे लागतात.

नंबर बरोबर असतील तर कॅप काढा, दोन्ही शेल काढा आणि शेलची पाठ पाहा. चांगल्या उजेडात, तिरकं धरून. मी स्वतः एकदा अशाच जड क्रँकवर अर्धा दिवस घालवला होता. पिन मोजली, होल मोजलं, सगळं मापात. शेवटी शेल उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला तर पाठीवर, मधोमध, एक मसुराएवढा चकचकीत ठिपका. बाकी सगळी पाठ मंद राखाडी आणि तेवढाच ठिपका आरशासारखा. होलात त्याच जागी बोट फिरवलं तर जुन्या तेलाची जळून कडक झालेली पापडी, नखाने निघेल एवढीच. ती पापडी शेलच्या मागे होती, म्हणून शेल तिथे आत फुगला होता आणि नेमका तिथेच पिनला लागत होता. रॉड धुतला होता, पण पुसलेल्या कापडाने त्या कोपऱ्यापर्यंत काम केलं नव्हतं. ती खरवडून, धुऊन, पुन्हा आवळलं तर क्रँक लोण्यासारखा फिरला. तेव्हापासून शेल बसवण्याआधी होलावर सॉल्व्हंटने ओलं केलेलं सुती कापड फिरवतो, मग उघड्या बोटाने, आणि बोटाला काही लागलं तर पुन्हा पहिल्यापासून. सूत सुटणारं कापड या कामाला चालत नाही; एक धागासुद्धा शेलमागे पुरेसा होतो.

शेलच्या पाठीला आणि होलाला तेल लावायचं नाही, हेही याच ठिकाणी सांगतो. पाठ कोरडी, पोट ओलं. पाठीला तेल असेल तर शेल होलाला धातूशी धातू चिकटत नाही, उष्णता नीट जात नाही.

शेल काढलेच आहेत तर पाठीवरचे छापील आकडे चारही जोड्यांचे वाचा. इथे एक फसगत आहे. काही बनवणारे मिलिमीटरमध्ये छापतात, काही इंचाच्या हजारांशात. ०२५ म्हणजे ०.२५ मिलिमीटर, ०१० म्हणजे इंचाचे १० हजारांश, म्हणजे ०.२५४ मिलिमीटर. हे दोन जवळपास एकच. पण ०२० म्हणजे इंचाचे २० हजारांश, म्हणजे ०.५०८. सेटमध्ये एखादी जोडी चुकून दुसऱ्या मापाची आली असेल, तर ती कॅप बहुधा पूर्ण बसतच नाही किंवा क्रँक जागचा हलत नाही. तुमच्या वर्णनाशी ते तितकं जुळत नाही, तरी वाचून घ्या. काही इंजिनांत तर एकाच मापात रंगाचे ठिपके देऊन काही मायक्रॉनांच्या फरकाचे शेल येतात आणि क्रँकवरच्या, रॉडवरच्या खुणांवरून कोणता रंग कुठे ते ठरतं. तुमचं इंजिन तसं असेल तर मॅन्युअलमधला तक्ता पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वरचा आणि खालचा शेल एकसारखे आहेत का तेही पाहा. काही रॉडांत पिस्टनवर तेल मारायला भोक असतं, त्या बाजूच्या शेलला भोक हवंच. काही टर्बो डिझेल इंजिनांत रॉडकडचा शेल जास्त भार झेलणाऱ्या खास थराचा असतो, कॅपकडचा साधा. सिलिंडरमध्ये जळण पेटतं तेव्हाचा दणका रॉडकडचा शेल घेतो. कॅपकडच्या शेलवर जोर येतो तो एक्झॉस्टच्या शेवटी, जेव्हा वर निघालेल्या पिस्टनला क्रँक खाली खेचतो. शेल अदलाबदल झाले तर पहिल्या दिवशी काहीच कळत नाही, म्हणून बसवतानाच पाहायचं.

इथपर्यंत दोष सापडला नाही तर मोजमाप. आणि सापडला असला तरी मोजमाप चारही रॉडांचं करा. जो जड फिरला तो निदान बोलला. जो जास्त ढिला आहे तो आत्ता बोलणार नाही, तो गाडी रस्त्यावर गेल्यावर ठोका देईल.

मोजण्याआधी क्रँक, रॉड, शेल आणि मायक्रोमीटर एकाच खोलीत काही तास राहू द्या. ५० मिलिमीटरची पोलादी पिन १० अंशांनी गरम झाली तर साधारण ६ मायक्रॉनने वाढते. आपण एकूण ४० मायक्रॉनांचा हिशेब करतोय, त्यात ६ इकडचे तिकडे झाले तर हिशेबाला अर्थ उरत नाही. गरम पाण्याने धुतलेला क्रँक लगेच मोजायचा नाही.

पिनचं माप मायक्रोमीटरने घ्या: दोन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा. दोन टोकांतला फरक म्हणजे टेपर, काटकोनातला फरक म्हणजे ओव्हल. नुकत्याच ग्राइंड केलेल्या क्रँकमध्ये दोन्ही नगण्य असायला हवेत. हद्द मॅन्युअलमध्ये असते आणि ती मायक्रॉनांतच असते. चार पिनांपैकी तीन नंबर एक-दोन शतांशांनी जाड राहिली असेल तर दोष सापडला. क्रँक परत ग्राइंडरकडे.

मग रॉडचं रिकामं होल. शेल न घालता कॅप लावून पूर्ण टॉर्क द्या, बोअर गेजने (होलाचा आतला व्यास मोजणारं गेज) उभं, आडवं आणि तिरकं मोजा. मागे कधी बेअरिंग धरलेलं असेल तर कॅप तापून होल बदामासारखं होतं. जुन्या इंजिनात तीन नंबरचाच आवाज होता का, आठवून पाहा. असा रॉड रिसाइज (होल पुन्हा मापात) करून घ्यावा लागतो किंवा बदलावा लागतो.

आता शेल घालून, पुन्हा पूर्ण टॉर्क देऊन, बोअर गेज. गेजचा शून्य पिनच्याच मायक्रोमीटर मापावर लावा, म्हणजे काट्याने दाखवलेला आकडा हाच क्लिअरन्स, म्हणजे पिन आणि शेलमधली मोकळी जागा. वजाबाकीची चूक होत नाही. माप घ्यायचं जोडाच्या काटकोनात, म्हणजे रॉडच्या लांबीच्या दिशेत. जोडाच्या जवळ घेतलंत तर आकडा मोठा येईल आणि घाबरून जाल. शेल मध्यावर जाड आणि टोकांकडे मुद्दाम पातळ केलेला असतो, कारण भाराखाली होल आडवं आवळतं आणि तिथे शेलने पिनला पकडू नये.

किती हवा क्लिअरन्स? तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला आकडा हाच अंतिम. जुना अंदाज असा की पिनच्या व्यासाच्या दर इंचाला इंचाचा पाऊण ते एक हजारांश; म्हणजे ५० मिलिमीटरच्या पिनला साधारण ०.०४ ते ०.०५ मिलिमीटर. पातळ तेलावर चालणारी नवी इंजिनं याहून कमी ठेवतात.

ही इवलीशी जागा इतकी महत्त्वाची का, यावर एक जुनी गोष्ट मला फार आवडते. १८८०च्या दशकात इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचे अभियंते रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल घालायला बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर तेल आत जाण्याऐवजी त्यातूनच वर यायला लागलं. बुचाने बंद केलं, तर बूच बाहेर फेकलं गेलं. फिरणारा आस स्वतःच तेल ओढून पाचरीसारखं आत दाबत होता आणि त्या दाबावर सगळा भार तरंगत होता. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्यामागचं गणित मांडलं. तुमचा क्रँक नेमका याच पाचरीवर चालतो. ऑइल पंप फक्त तेल पोचवतो. भार उचलणारा दाब पिन स्वतः फिरून तयार करते. जागा कमी असेल तर तेल कमी वाहतं, तापतं, पातळ होतं आणि पाचर मोडते. जागा जास्त असेल तर तेल कडांनी निसटतं, पाचर तयारच होत नाही, आणि पुढच्या बेअरिंगचा दाबही पडतो. कमी आणि जास्त, दोन्हींचा शेवट धातूला धातू लागण्यात.

बोअर गेज नसेल तर प्लास्टिगेज वापरा. मेणासारखा बारीक धागा असतो, हिरवा ०.०२५ ते ०.०७६ मिलिमीटरसाठी, म्हणजे आपल्या कामाचा. पिन आणि शेल दोन्ही तेलाशिवाय कोरडे पुसा, धाग्याचा तुकडा पिनवर लांबीच्या दिशेने ठेवा, कॅप लावा, पूर्ण टॉर्क द्या, मग उघडून चपटा झालेला धागा पाकिटावरच्या पट्टीशी ताडा. मध्ये क्रँक किंवा रॉड केसभरही फिरता कामा नये, नाहीतर धागा पुसला जातो आणि खोटा आकडा देतो. धागा एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला अरुंद झाला तर टेपर आहे किंवा रॉड वाकलाय. मोजून झाल्यावर धागा नखाने आणि तेलाच्या कापडाने काढा; स्क्रूड्रायव्हर लावू नका.

मापं सगळी बरोबर आणि तरीही जड, तर पिनचे कोपरे पाहा. पिन जिथे क्रँकच्या गालाला मिळते तिथे गोलाई असते. ग्राइंडरने ती गोलाई मूळपेक्षा मोठी ठेवली, तर शेलची कड तिच्यावर चढते. ओळखायची खूण: शेलच्या एका कडेला, टोकापासून टोकापर्यंत, चकचकीत रेघ. रॉड हाताने सरकवण्याची पहिली चाचणीही इथेच अडते. इलाज शेलची कड कापणं हा नाही. गोलाई नीट करून घ्यायची. एकाच पिनवर दोन रॉड असणाऱ्या व्ही इंजिनांत शेलची उतरती कड गालाकडे आणि सरळ कड शेजारच्या रॉडकडे येते, तिथे डावं-उजवं चुकलं तरी हेच होतं. तुमचं इंजिन सरळ चार सिलिंडरचं असेल तर हा प्रश्न नाही.

आणि जुने शेल टाकून दिलेत का? नसतील तर तीन नंबरची जुनी जोडी काढा. वरच्या शेलवर एका कडेला झीज आणि खालच्यावर विरुद्ध कडेला झीज दिसली, तर रॉड वाकडा आहे; तो जिगवर तपासून घ्या, नवीन शेल त्याच वाटेने जातील. पाठीवर चकाकी असेल तर जुन्यातही क्रश कमी होता किंवा होल मोठं झालं होतं. पोटात रुतलेले कण आणि गोल ओरखडे असतील तर घाण फिरली होती, आणि ती अजून क्रँकच्या आत असू शकते.

या शेवटच्या गोष्टीवर थोडं थांबतो, कारण ग्राइंड केलेल्या क्रँकचा हा सगळ्यात मोठा धोका. ग्राइंडिंगच्या दगडाची आणि पॉलिश पट्ट्याची भुकटी तेलाच्या आतल्या वाटांत जाऊन बसते. फक्त हवा मारून ती निघत नाही. ओली भुकटी भिंतीला चिकटून राहते आणि गरम तेल आलं की सुटते, थेट शेलमध्ये. वाटांना बंद करणारे प्लग असतील तर काढा, लांब नायलॉन ब्रश सॉल्व्हंटमध्ये बुडवून आरपार चालवा, मग साबणाच्या गरम पाण्याने, मग हवा, मग लगेच तेल, नाहीतर गंज धरतो. पांढरं कापड भोकाशी धरून हवा मारा; कापडावर करडा डाग आला तर पुन्हा ब्रश. माझ्याकडे एकदा दुसरीकडून बांधून आलेलं इंजिन होतं, फार दिवस चाललेलं नव्हतं, चारही बिग एंड खरवडलेले. क्रँकचा प्लग काढला तर आतून करड्या चिखलासारखी भुकटी निघाली. बेअरिंग चांगलं होतं, मापं चांगली होती; धुतलं नव्हतं एवढंच.

ऑइल होलाच्या कडाही बोटाने पाहा. ग्राइंड केल्यावर धारदार राहिल्या असतील तर त्या शेल खरवडतात. कड हलकी मोडून पॉलिश झालेली हवी.

दोष सापडला, दुरुस्त झाला, मापं जुळली, आता शेवटची बसवणी. शेल कोरड्या होलात, मध्यभागी, चोच खाचेत. पोटाला आणि पिनला असेंब्ली ल्यूब भरपूर. रॉडला लांब बोल्ट खाली लोंबत असतील तर त्यांच्यावर रबरी नळीचे तुकडे चढवा. पिस्टन खाली येताना बोल्टचा आटा पिनला एकदा जरी लागला तरी ताज्या पिनवर चरा पडतो.

बोल्ट नवे की जुने? मॅन्युअलमध्ये टॉर्क आणि त्यापुढे अंश दिले असतील, तर ते बहुधा ताणून लांबवण्याचे बोल्ट असतात आणि शेवटच्या बसवणीला नवेच लागतात. मोजमापासाठी वारंवार आवळताना जुने वापरा, नवे राखून ठेवा. आटे आणि बोल्टच्या डोक्याखालची जागा: तेल लावायचं की कोरडं ठेवायचं, हे मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणेच. पान्यावर लावलेल्या जोरातला सुमारे नव्वद टक्के भाग घर्षणातच जातो, बोल्ट ताणायला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणून कोरड्याचा आकडा तेलकट बोल्टला दिला तर बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. टॉर्क रेंच एका संथ ओढीत चालवा, दोन-तीन टप्प्यांत, एका बोल्टवरून दुसऱ्यावर. थांबून थांबून ओढला तर रेंच आधीच टक् म्हणतो.

प्रत्येक कॅपनंतर क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवा. चार कॅपा लावून मग फिरवलं असतंत तर जडपणा कोणाचा हे शोधायला दिवस गेला असता. मग फिलर गेजने साइड क्लिअरन्स, आणि पुन्हा हाताने टक्-टक्.

चालू करण्याआधी फिल्टर तेलाने भरा, जळण किंवा स्पार्क बंद ठेवून स्टार्टरने थोडं थोडं फिरवा, गेजवर तेलाचा दाब दिसेपर्यंत. दाब दिसल्याशिवाय इंजिन पेटवायचं नाही. चालू केल्यावरही पहिल्या काही सेकंदांत नजर फक्त दाबावर. पहिलं तेल लवकर काढा आणि तो फिल्टर कापून कागदाच्या घड्या उघडून उन्हात धरा. बारीक लोखंडी कीस रिंगांचा असतो, तो थोडा येणारच. तांबूस किंवा चंदेरी पापुद्रे दिसले तर चेंबर उतरवून आधी तीन नंबरचीच कॅप उघडा.